उजव्या आरशात कुर्र

आश्विनातलं ऊन वाईत आधी डोंगरावर उतरतं, मग पाण्यावर, मग माणसांवर.

पाऊस निघून गेला होता, आणि जाताजाता पसरणीच्या उतारांवर सोनकी पेरून गेला होता. दाट, पिवळी, वाऱ्याच्या एका झुळकीसरशी अख्खा उतार वळवणारी सोनकी. खाली हळदीचे मळे होते, रुंद पानांचे, ओल्या हिरव्या सावलीचे. त्यांचं पिवळेपण अजून मातीच्या पोटात होतं. वर उघडं पिवळं, खाली झाकलेलं पिवळं, आणि मधून कृष्णा, दोन्हींचं काहीही मनावर न घेणारी, निळी, संथ, वाहती.

दसऱ्याच्या सकाळी कण्हेर आळी आपल्या गाड्यांना न्हाऊ घालते.

न्हाऊच घालते, धुणं वेगळं. धुण्यात घाई असते. इथे कोमट पाणी असतं, जुन्या धोतराचं मऊ फडकं असतं, आणि काचेवरून हात फिरवताना तोंडाने काहीतरी पुटपुटणं असतं. फेसाचे ओघळ दारादारांतून निघून रस्त्याच्या मधोमध एकत्र येतात आणि एवढीशी पांढरी नदी होऊन मोठ्या नदीकडे जातात. मग झेंडूच्या माळा येतात. मग हळद, कुंकू, आपट्याचं पान. मग चाकाखाली लिंबू.

या आळीत बिननावाची गाडी नाही. डॉक्टर शेंड्यांची काळी जीप म्हणजे गेंडा. तो समोरून आला की बैलसुद्धा कडेला होतात. बोध्यांची लाल छोटी गाडी म्हणजे बंड्या, आणि बंड्या मुलगा आहे याबद्दल बोधेवहिनींच्या मनात तिळमात्र शंका नाही. "माझ्या माहेरची वाट आली की याला बरोबर ताप चढतो," त्या म्हणतात, "पुरुषाशिवाय हे कोण करणार?" आणि पलीकडे फडकं पिळणारे बोधे मान खाली घालून अधिकच जोरात पिळतात.

नलूताईंना या साऱ्याची गंमत वाटत असे. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. जास्वंदीचे पुंकेसर कुठले आणि स्त्रीकेसर कुठला, हे चिमट्याने उलगडून दाखवलं. लोखंडात असं काही उलगडून दाखवता येत नव्हतं. तरीही लोक ठामपणे ती म्हणत, तो म्हणत. त्यांनी एकदा नियम बसवून पाहिला: ज्याचा धाक वाटतो तो तो, जिचा लळा लागतो ती ती. पण बंड्याचा तर सगळ्या आळीला लळा होता. नलूताईंनी नियम सोडून दिला. दाखले पुरेसे नव्हते.

त्यांच्या स्वतःच्या अंगणात मात्र या वर्षी एक गाडी उभी होती, जी तो नव्हती आणि ती नव्हती.

तिला आप्पा 'ते' म्हणत.

आप्पा म्हणजे नलूताईंचे थोरले भाऊ. नदीकाठच्या या घरात बहीणभाऊ दोघंच राहत. त्यांच्याकडे पूर्वी मैना होती. काळपट तपकिरी अंगाची, पिवळ्या दिव्यांची, बडबडी मैना. ती आळीच्या टोकाला असतानाच घरात चहा ठेवला जाई, इतकी तिची चाहूल लांबून लागे. तिचा क्लच जड होता, दार दोनदा लावावं लागे, आणि चढावर ती असं काही गात असे की ऐकणाऱ्याला वाटावं, डोंगरच हिच्याकडून गाणं शिकतो आहे. दर रविवारी आप्पा तिला घेऊन पसरणीचा घाट चढत. वरच्या एका वळणावर, कठड्यापाशी, थांबत. थर्मासमधला चहा पीत. खाली कृष्णा बघत. सिंधूवहिनी, म्हणजे आप्पांची बायको, असताना त्यांच्याबरोबर, आणि त्या गेल्यावर मैनेबरोबर.

मग डावा गुडघा रुसला. माघातल्या एका रविवारी त्याच वळणावर आप्पांच्या पायाला क्लच पेलला नाही. मैना बंद पडली, चार हात मागे घसरली, कठड्याला टेकून थांबली. कुणाला काही झालं नाही. शेजारी बसलेल्या नलूताईंच्या मांडीवरचा थर्माससुद्धा सांडला नाही. पण चैत्रात मैना साताऱ्याच्या एका हौशी माणसाकडे गेली. तो जुन्या गाड्या जिवाने सांभाळतो म्हणतात.

त्या दिवसापासून आप्पांची खुर्ची ओसरीवर फाटकाकडे पाठ करून असे. ते वाचत, जेवत, रेडिओ ऐकत; सगळं ठीक होतं. फक्त रविवार उगवत नव्हता. आणि तो पुन्हा उगवावा, यापलीकडे नलूताईंना या दसऱ्याकडून काही नको होतं.

पुण्याहून त्यांची भाची ऋजुता, आप्पांची लेक, श्रावणात ही नवी गाडी घेऊन आली होती. विजेवर चालणारी. वाळलेल्या गवताचा, उन्हात तांबूस होणारा रंग. क्लच नाही. गिअर नाही. आवाज तर नाहीच नाही.

"आप्पा, डावा पाय नुसता ठेवून द्यायचा. सगळं काम उजव्याचं."

"ते सुरू आहे की बंद, हे कळतं कसं?"

"कळतच नाही. तीच तर मजा."

"माणूस असा गप्प बसला," आप्पा म्हणाले, "तर आपण डॉक्टरला बोलावतो." आणि त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं.

अंगणात पारिजातकाची फुलं तिच्या टपावर पडत. आप्पा म्हणत, त्यावरची फुलं गोळा करा. त्याला झाका, ऊन लागेल. किल्ली मात्र त्यांनी हातात घेतली नाही.

आणि आज तिचं बारसं होतं.

वर्षभरात आलेल्या नव्या गाडीचं दसऱ्याला बारसं करायचं, ही कण्हेर आळीची रीत. घुगऱ्या वाटायच्या. घरातल्या आत्याने गाडीच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, जसे पाळण्याशी घालतात तसे. नाव ऋजुताने काढलं होतं: विद्युल्लता.

"छान आहे," बोधेवहिनी म्हणाल्या. "पण एवढी हाक मारून होईस्तोवर गाडी पाचगणीला पोचेल."

"घरात विजू म्हणू."

"आणि कान कुठला हिचा?" बोध्यांनी विचारलं.

"आरसे," बोधेवहिनी म्हणाल्या. "मागून काय येतंय ते आधी आरशांनाच कळतं. तुम्हाला मी मागून हाका मारते त्या कळतात का कधी?"

ठरलं. उजवा आरसा, चालवणाऱ्याच्या बाजूचा. गाडी कुलूपबंद होती, म्हणून दोन्ही आरसे अंगाशी मिटलेले होते, गोठ्यात झोपलेल्या वासराच्या कानांसारखे. झेंडूची माळ तिच्या कपाळावर हलत होती. मागे ओसरी होती. ओसरीवर खुर्ची होती. खुर्चीची पाठ होती.

नलूताई वाकल्या.

वाकल्या, आणि झेंडूचा तो तिखट हिरवा वास नाकात शिरला, आणि अंगण एकाएकी जुनं झालं. असाच दसरा. असंच ऊन. गोल, रुपेरी, चकचकीत एक आरसा, आणि त्यात नलूचं तरुण, हसू दाबणारं तोंड. मागे नव्या लुगड्यातल्या सिंधूवहिनी, कानाशी येऊन सांगताहेत, नलू, मैना म्हण, साताऱ्याहून येईपर्यंत एक क्षण गप्प बसली नाही गं ही. आणि पाठीवर बुक्के. वहिनींचा सगळ्यांत जोरात.

"कुर्रर्र," नलूताई म्हणाल्या.

पाठीवर हात पडले, बांगड्या वाजल्या, आणि मिटलेल्या आरशावर श्वासाचं धुकं धरलं. त्या धुक्यात, स्वच्छ, मोठ्याने, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"मैना."

हात थांबले. बांगड्या थांबल्या. फेसाची ती एवढीशी नदी तेवढी वाहत राहिली.

एक बुक्का मात्र निघालेलाच होता. ऋजुताचा. तो थांबवता थांबला नाही, आत्याच्या पाठीवर येऊन पडला, आणि त्याच मुठीत गाडीची किल्ली होती; तिची कळ दाबली गेली.

टुक.

गाडीच्या कपाळाशी दोन दिवे लुकलुकले. आणि ते मिटलेले आरसे हळूच, आपणहून, अंगापासून सुटे होत, उघडले.

नलूताई तशाच वाकलेल्या होत्या. उघडता उघडता आरसा त्यांच्यासमोरून वळला, आणि त्यात एकामागून एक सगळं येऊन गेलं: त्यांचा स्वतःचा पिकला केस, झेंडू, बोधेवहिनींचं तोंडावर आलेलं बोट, आकाशाचा तुकडा, पारिजातक. आरसा थांबला तेव्हा त्यात ओसरी होती. आणि ओसरीवर, खुर्चीचा हात धरून, तोंड अंगणाकडे करून, आप्पा उभे राहिले होते.

ते पायऱ्या उतरले. एकेक पायरी, गुडघ्याला विचारून.

"नलू, ही मैना नव्हे."

"चुकलं, दादा. तोंडातून गेलं."

"मैना कुणाचं ऐकून घ्यायची नाही. सिंधूचंसुद्धा." त्यांनी गाडीकडे पाहिलं. पहिल्यांदा, सरळ, डोळ्याला डोळा द्यावा तसं. "आणि हिने बघ. नाव चुकीचं कानावर पडलं तर कसे कान टवकारले हिने."

हिने.

पान देठाशी पिकलं की ते ओढावं लागत नाही, हे नलूताईंनी कितीतरी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. देठाच्या मुळाशी आतल्या आत एक पदर तयार होतो, आणि मग नुसती झुळूक पुरते. त्यांनी पदराने आरशावरचं धुकं पुसलं.

आप्पांनी उजव्या आरशावर तळहात ठेवला. ऊन आता टपावर आलं होतं, आणि वाळल्या गवताचा तो रंग तांबूस, जिवंत, थरथरता झाला होता.

"पाय वाजत नाहीत, कान मात्र उभे. हरणी आहे ही."

"आणि विद्युल्लता?" ऋजुताने विचारलं. ती हसत होती, आणि डोळे मनगटाने पुसत होती.

"ते नाव ठेव जपून," बोधेवहिनी म्हणाल्या. "बंड्याला बहीण आणली की लावू. लांबलचक नाव घेतलं की निदान वेळ तरी जाईल माहेरच्या वाटेवर."

"चला, परत कुर्र," आप्पा म्हणाले. "आणि जरा हळू मारा. बुक्के नलूला बसतात, पण लागतात मला."

मग पुन्हा कुर्र झालं, नीट झालं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आणि कुणी देऊ केली नसताना आप्पांनी लेकीपुढे हात पसरला. "किल्ली."

हरणी हलली तेव्हा आवाज झाला तो फक्त लिंबू फुटल्याचा.

घाट चढू लागला. आप्पा चालवत होते, शेजारी नलूताई थर्मास मांडीवर घेऊन, मागे ऋजुता. पहिल्या वळणावर आप्पांचा डावा पाय सवयीने उचलला गेला, काहीतरी शोधू लागला, आणि काही न सापडून परत आला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. नलूताई रस्ता पाहत नव्हत्या. त्या तो पाय पाहत होत्या. वळणं येत गेली, सोनकी दोन्ही अंगांनी वाकून पाहत गेली, आणि कुठल्याशा वळणावर तो पाय उचलला गेला नाही. दुखरा, हट्टी, जन्मभर राबलेला पाय, गाभण गाय सावलीत बसावी तसा स्वस्थ बसला होता.

काचा खाली होत्या. आणि घाट ऐकू येत होता.

कड्यावरून पाझरणारं पाणी ऐकू येत होतं. गवतातून पळणारा वारा ऐकू येत होता. खालच्या कुठल्या तरी वाडीतली पितळी घंटा, वरच्या रानातली कुणा पाखराची अर्धी शीळ.

"हे सगळं आधीही होतं?" आप्पांनी विचारलं.

"होतं की, दादा. मैना बोलू देत नव्हती."

आप्पा हसले. गाडी चढत राहिली.

मग ते वळण आलं. तोच कठडा, त्यावर मैनेच्या तपकिरी रंगाचा एक ओरखडा, पावसाने पुसट केलेला. थर्मासभोवती नलूताईंची बोटं आवळली. हरणी आवाज न करता वर आली, वळली, आणि थांबली. तीळभरही मागे सरली नाही.

कठड्यावर दोन साळुंक्या बसल्या होत्या. काळपट तपकिरी अंगाच्या, पिवळ्या चोचींच्या. पूर्वी मैना दोन वळणं खाली असतानाच त्या उडून जात. आप्पांनी आजवर त्यांची पाठच पाहिली होती. आज त्या उडाल्या नाहीत. एकीने मान तिरपी केली, उघड्या उजव्या आरशात वाकून पाहिलं, आणि आरशातल्या साळुंकीशी बोलायला सुरुवात केली. भरभर, तक्रारीच्या सुरात, क्षणभरही न थांबता.

खाली कृष्णा निळी होती. वर सोनकी पिवळी होती. आप्पांच्या हातात चहा होता, त्याची वाफ काचेतून बाहेर जात होती. आणि पसरणीच्या वळणावर, दोन्ही कान उभे करून, हरणी ऐकत होती.