अर्जाचं शेपूट

कमलेशच्या दुकानात चार संगणक होते, त्यांपैकी तीन चालू. प्रिंटर एक. कोऱ्या कागदाची सहा रिमं, सगळ्यांच्या वेष्टनावर ए-फोर छापलेलं. मी एकेक उलटून पाहिलं. भिंतीवर फ्रेम केलेली दोन प्रमाणपत्रं आणि एक फोटो. काउंटरवर एक फूटपट्टी, दोन कात्र्या आणि डिंकाच्या चार बाटल्या, त्यातली एक उघडी. छपाईच्या दुकानाला इतका डिंक कशाला लागतो, हा प्रश्न मला आत शिरल्यावर तिसऱ्या मिनिटाला पडला. कमलेशला तो पाच वर्षांत पडला नव्हता.

शुक्रवार, बारा जुलै, सकाळचे साडेअकरा. माझ्याबरोबर चिमी होती. ती मोखाड्याकडच्या सूर्यमाळची, यंदा बारावी सायन्स पास झालेली. मी ज्या कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळते तिथली विद्यार्थिनी. नर्सिंगच्या कोर्सला अर्ज द्यायचा आजचा शेवटचा दिवस होता आणि सरकारी कचेरीतली अर्ज घेणारी खिडकी दुपारी तीनला बंद होणार होती. अर्ज घेतला गेला तर पुढची दोन वर्षं शिक्षण. नाही घेतला तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. या एका अर्जासाठी ती घरची भाताची आवणी टाकून, दोन एसट्या बदलून तिसऱ्यांदा जव्हारला आली होती. आधीच्या दोन्ही वेळा तिला खिडकीतून परत पाठवलं होतं. एक कागद द्यायला किती दिवस लागतात, असं तिच्या आईने काल विचारलं म्हणे.

परत आलेला अर्ज तिने पिशवीतून काढून मला दिला. पानाच्या तळाशी बोटभर रुंदीची एक पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर सहीची जागा आणि बारकोड. डिंकाने कागद सुरकुतला होता आणि कोपऱ्यात लाल शाईचा शेरा होता: अर्ज कापून जोडलेला, अमान्य.

"याला शेपूट म्हनतात, ताय," चिमी म्हणाली. "कमलेशदादा सगल्यांनाच लावून देतो."

बाजारात हे सर्वांना ठाऊक होतं. अर्ज संगणकावर भरायचा, कमलेश तो छापणार, अर्ज एका पानावर मावणार नाही, सही आणि बारकोड दुसऱ्या पानावर जाणार. मग तो तेवढी पट्टी कापून पहिल्या पानाच्या तळाला चिकटवणार. पहिल्या पानाखाली नेमकी तेवढीच कोरी जागा दर वेळी कशी उरते, हे कोणी विचारलं नव्हतं. खिडकीतले आधीचे कारकून शेपटासकट अर्ज घ्यायचे. यंदा तिथे नवीन बाई आल्या आणि चिकटवलेलं काहीही घेणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं. त्यावर कमलेशने विचार केला आणि जास्त चांगला डिंक आणला.

अर्ज एका पानावर का येत नाही, असं मी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं की सरकारी फॉर्मच लांब आहे, मुंबईत बसून बनवणाऱ्यांना काय कळतंय. शिवाय या पाड्यांवरच्या लोकांचे पत्ते लांब. चिमीचा पत्ता दीड ओळीचा होता.

मी अर्ज माझ्यासमोर छापायला लावला. त्याने प्रिंट सोडली तसा प्रिंटरवर केशरी दिवा लुकलुकू लागला. कमलेशने तिकडे न पाहता हात लांब करून एक बटण दाबलं. मग कागद सरकला.

"दिवा कशाचा?" मी विचारलं.

"जुना झालाय. दाबल्याशिवाय ऐकत नाही."

शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानाचे मालक अनीसभाई चहाचा ग्लास घेऊन बाकावर बसले होते. "घेतला त्या दिवसापासून जुनाच आहे तो," ते म्हणाले.

दिव्याबरोबर प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर दोन शब्द उमटत आणि बटण दाबताच पुसले जात. मी दुसरी प्रत मागितली आणि कमलेशचा हात पोचायच्या आत ते वाचले: लोड लेटर. म्हणजे लेटर आकाराचा कागद घाला. पाच वर्षं हे यंत्र दर अर्जाला या माणसाकडे एकच गोष्ट मागत होतं आणि हा दर वेळी त्याचं तोंड दाबत होता.

छापून आलेल्या पानावर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. ७/१२ आणि पुढे वर्ष.

चिमीने ती वाचली आणि हसली. "ताय, सातबारा निघाला."

अनीसभाईही हसले. कमलेशने गंभीरपणे खुलासा केला की जमिनीच्या उताऱ्याशी याचा संबंध नाही, ही आजची तारीख आहे. मी म्हटलं, आज बारा जुलै आहे, ही तर सात डिसेंबर झाली. तो म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये उलटंच येतं.

कॉम्प्युटरमध्ये उलटं येत नाही. अमेरिकेत येतं. तिथे महिना आधी लिहितात, आणि तिथे सहसा ए-फोर कागदही वापरत नाहीत. लेटर नावाचा वापरतात, तो ए-फोरपेक्षा किंचित रुंद आणि बराच आखूड असतो. दुकानातल्या संगणकांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स होतं. ठाण्याच्या एका संस्थेने जुनी यंत्रं दान करताना ते घालून दिलं होतं, आणि देश कोणता असं विचारलं गेलं तिथे घालणाऱ्याने न वाचता 'पुढे' दाबलं होतं. यंत्राच्या लेखी जव्हारच्या बाजारातलं हे दुकान तेव्हापासून अमेरिकेत आहे. भिंतीवरचा फोटो त्याच माणसाचा होता, शाल आणि नारळ स्वीकारताना.

मी कमलेशला सेटिंग उघडून दाखवलं. कागदाचा आकार: लेटर. खाली यादीत ए-फोर होतं, लीगल होतं, आणखी दहाबारा नावं होती. त्याने ही यादी कधी पाहिलीच नसेल असं मी धरून चालले होते. त्याने पाहिली होती. ते जास्त वाईट निघालं.

"बरोबरच आहे ते," कमलेश म्हणाला. "अर्ज म्हणजे लेटरच ना? कोर्टाचं काही असलं, प्रतिज्ञापत्र वगैरे, तर लीगल लावायचं. ए-फोर झेरॉक्सला. आम्हाला क्लासमध्ये असंच शिकवलंय." आणि त्याने प्रमाणपत्राकडे बोट केलं.

मी त्याला लेटर आकाराचा कागद दाखवायला सांगितलं. त्याने ट्रेमधून एक कागद काढून समोर धरला. मी म्हटलं, हा ए-फोर आहे. तो म्हणाला, यावर लेटर छापलं की हा लेटर.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फूटपट्टी घेतली. कागदाची उंची दोनशे सत्त्याण्णव मिलिमीटर. यंत्राच्या समजुतीप्रमाणे ती दोनशे एकोणऐंशी पूर्णांक चार दशांश. फरक सतरा पूर्णांक सहा दशांश. मग तीच फूटपट्टी मी चिमीच्या अर्जाच्या शेपटावर ठेवली. सतरा आणि वर थोडं.

"बघा," कमलेश म्हणाला, "नुसत्या नजरेने किती बरोबर कापतो मी."

साडेबारा झाले होते. मी संगणकाचा प्रदेश अमेरिका होता तो भारत केला, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केलं. कोपऱ्यातली तारीख १२/०७ झाली. मी समाधानाने प्रिंट सोडली. केशरी दिवा लागला, आणि शेपूट दुसऱ्या पानावर गेलं.

कमलेशला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. "बीएस्सी ना तुम्ही?" त्याने विचारलं.

देश बदलला की प्रिंटरही बदलेल, असं मी गृहीत धरलं होतं. प्रयोगवहीत असं काही आढळलं तर मी मुलांचे मार्क कापते. प्रिंटर जोडला गेला तेव्हा संगणक अमेरिकेत होता, त्या दिवशी जो कागद ठरला तो प्रिंटरने आपल्या नावावर वेगळा लिहून ठेवला होता, आणि हे शोधायला मला दीड तास लागला. चिमी एवढा वेळ घड्याळाखाली उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

प्रिंटरची नोंद बदलायला पासवर्ड हवा होता. कमलेशने नकार दिला. मशीन बिघडलं तर ठाण्याहून माणूस यायला महिना लागतो, तोवर बाजाराचं काम कोण करणार. त्याने उदारपणे दुसरा मार्ग सुचवला: आज नवीन डिंक आहे, शेपूट असं लावून देतो की बाईंना सांधा सापडणार नाही. कात्री त्याने उचललीही होती.

तेव्हा चिमी पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मंग दादा, तुमीच चला खिडकीवर. बाईंना सांगा, पोर सूर्यमालची हाय, अर्ज अमेरिकेचा हाय. आणि त्यांनी नाय घेतला तर दिवालीला भट्टीवर पन तुमीच जा माझ्या बदली. तिथं बी चिकटवाचाच काम असतं."

कमलेशने कात्री खाली ठेवली नाही, पण चालवलीही नाही.

"टाक रे पासवर्ड," अनीसभाई म्हणाले. "पाच वर्षं डिंक विकलाय तुला. नाही खपला यापुढे तर मी बघून घेईन."

कमलेशने एका हाताने कीबोर्ड झाकला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पाच अक्षरं दाबली. बोट कुठे पडतंय ते तिघांनाही दिसत होतं. यादीतून मी ए-फोर निवडलं आणि प्रिंट सोडली.

दिवा लागला नाही. कमलेशचा हात सवयीने बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. एक पान बाहेर आलं. दुसरं आलं नाही. तळाशी सहीची जागा होती, तिच्याशेजारी बारकोड, आणि खाली अकरा मिलिमीटर समास. चिमीने काउंटरवरच सही केली. कमलेशने डिंकाची बाटली बाजूला घेतली, एवढी मदत केली.

खिडकीपाशी आम्ही दोन चाळीसला पोचलो. पुढे सहा माणसं होती. आमची पाळी आली तेव्हा बाईंनी अर्जाच्या तळावरून बोट फिरवलं, पान उलटं केलं, उजेडाकडे धरलं, पुन्हा बोट फिरवलं. सांधा नसल्याचं त्यांना पटत नव्हतं. शेवटी त्यांनी यंत्र बारकोडवर धरलं. ते एकदाच वाजलं. पावती मिळाली तेव्हा दोन अठ्ठावन्न झाले होते.

चिमीने पावतीवरचं आपलं नाव दोनदा वाचलं आणि ती घडी न घालता वहीत ठेवली.

बाईंनी खिडकी लावायला घेतली, मग काही आठवून एक सुतळीने बांधलेला गठ्ठा बाहेर सरकवला. "त्या छपाईवाल्याच्या दुकानावरून जाणार असाल तर हे त्याच्यापुढे टाका," त्या म्हणाल्या. "परत दिले तर लोक इथेच टाकून गेले, सगळे तिथलेच. या लोकांना एक फॉर्म धड भरता येत नाही, आणि आम्ही मात्र शेरे मारत बसायचं."

तीन वाजता खिडकी बंद झाली.

मोखाड्याच्या एसटीला अजून वेळ होता. चिमी डेपोकडे गेली. मी बाहेरच्या बाकावर सुतळी सोडली. गठ्ठ्यात त्रेचाळीस अर्ज होते, सगळे नर्सिंगचे, सगळ्यांवर लाल शेरा. दुकानातली फूटपट्टी चुकून माझ्या पिशवीत आली होती. मी आधी दहा शेपटं मोजली, मग उरलेली तेहतीसही मोजली. त्यांची सरासरी उंची सतरा पूर्णांक चार दशांश मिलिमीटर भरली.