चिकट बोटावरचा आकडा

ताईने बेकरीत रात्रपाळी धरली आणि तिच्या पाच वर्षांच्या लेकीची, टाचणीची, रात्र लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मामाच्या गळ्यात पडली. टाचणीला मधुमेह. झोपेत साखर उतरली तर पोर हाकसुद्धा मारणार नाही, हे ताईने त्याला सात वेळा ऐकवलं होतं. आज निभावलं तर पाळी टिकणार, नाहीतर ताई नोकरी सोडणार.

मामाने कंबर कसली. चार गजर लावले. पाचवा रिकाम्या पातेल्यात ठेवला, म्हणजे शेजाऱ्यांनाही सहभागी होता येईल.

नऊ वाजता साखरेची मोजणी. "आधी हत्तीची," टाचणी म्हणाली.

मामाने कापडी हत्तीच्या पायाला यंत्र टेकवलं. "शंभर. तब्येत ठणठणीत. फक्त पोटात कापूस निघाला."

मग टाचणीचं बोट. दोनशे ऐंशी! फ्रिजवर डॉक्टरांचा कागद होता: अडीचशेच्या वर गेल्यास अर्धा युनिट जादा इन्सुलिन. मामाने इन्सुलिनचं पेन उघडलं. तेवढ्यात टाचणीने त्याची बाही धरली. मग तिला ती सोडवेना.

"काय गं हे?"

"जॅम. हत्तीला भरवत होते. तोंडच उघडत नाही मेला."

मामाने पेनाला टोपण लावलं. तारेचं टोक घासून पुसल्याशिवाय तो कामावर कुठल्या मीटरचं ऐकत नसे. आणि इथे जॅमची साखर मोजून भाचीला इन्सुलिन द्यायला निघाला होता! त्यात पोरीने संध्याकाळभर पलंगावर उड्या मारलेल्या, म्हणजे साखर उलट उतरलेलीच असणार.

साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट घेतलं. अडुसष्ट. सत्तरच्याही खाली!

अर्धा कप फळांचा रस. मग पंधरा मिनिटं वाट.

"मामा, घड्याळावर का डोळे वटारतोस?"

"मुद्दाम हळू चालतंय ते."

एकशे चार. वर दूध-बिस्किटं. दोन वाजता, झोपेतच, ओल्या फडक्याने बोट पुसून, कोरडं करून, एकशे तीस. मामाने ताईला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे इन्सुलिन देणार होतास?"

"पेन उघडलं होतं, ताई."

भट्टीच्या घरघरीतून ताईने विचारलं, "आता परत कधी बघणार?"

"चारला."

"बरं," ताई म्हणाली. "उद्या जेवायलाच ये. पाळी महिनाभर आहे."