चन्नबसम्मानं दिलेला जबाब

ताडकळसच्या चन्नबसम्माचा पाय मांडीत मोडला तो किशनरावांच्या मोटारसायकलवर. किशनरावांचं खताचं दुकान होतं, शिवाय भाड्यानं माणसं नेणाऱ्या गाड्या. चन्नबसम्मा बांगड्यांचा माल आणायला परभणीला निघाली होती. पुढं चालवणारा भागवत, मधे ती, मागं आणखी एक गिऱ्हाईक. वळणावर गाडी घसरली. मागचा माणूस धूळ झटकून चालता झाला. भागवतच्या फासळ्यांना मार बसला, अन् चन्नबसम्मा सरकारी दवाखान्यात येऊन पडली.

हाडांच्या वॉर्डात खाटांच्या मधेही गाद्या टाकलेल्या. शेजारची लक्ष्मीबाई न्हाणीत घसरलेली, खुबा मोडलेला. तिचं ऑपरेशन सारखं पुढं जायचं, कारण मोटारसायकलवरून पडलेलं कुणीतरी रक्तबंबाळ होऊन यायचं आणि तिच्या आधी आत जायचं.

एके सकाळी किशनराव सफरचंदं घेऊन आले. मागं छातीला पट्टा बांधलेला भागवत, खाली मान घालून.

“ठाण्यातले जमादार जबाब घ्यायला यायलेत,” किशनराव म्हणाले. “म्हणा, भागवत घरोब्यातला, सहज सोडायला निघाला होता. भाड्याचं नाव काढू नका.”

“का बरं?”

“माझ्या गाड्या जप्त होतील. अन् तुमचं काय जायलंय? मांडीत घालायची सळई सरकारची, औषध सरकारचं. सगळं फुकटच हाय की!”

चन्नबसम्माच्या मोडक्या पायातून निघालेली आग थेट मस्तकात गेली.

“फुकट? ह्या म्हातारीला विचारा! गाड्यांवरनं पडलेले हिच्या अगुदर आत जायलेत, अन् ही कण्हत पडलीय. भाडं तुमच्या खिशात अन् मोडलेली हाडं सरकारच्या गळ्यात? दवाखाना काय तुमच्या गाड्यांचं ग्यारेज हाय व्हय?”



“गावात राहायचंय न्हवं?” किशनरावांचा आवाज चढला. “बाजारच्या दिवशी माझ्याच दुकानाच्या ओट्यापुढं बांगड्या मांडून बसता.”

“तिथंच बसीन. सफरचंदं घेऊन जावा.”

तेवढ्यात जमादार आलेच. चन्नबसम्मानं काहीही न लपवता सांगितलं, “भाडं देऊन बसले. तिसरा नको म्हणलं, तरी बसवला.”

जमादारांनी भागवतकडं पाहिलं.  भागवतनं एकदा मालकाकडं पाहिलं, एकदा तिच्या पायाकडं.

“मावशी खरं बोलायलीय,” तो म्हणाला. “एका गिऱ्हाईकावर गाडी हलवायची न्हाई, असं मालकाचं सांगणं हाय.”

भागवतचं काम त्याच दिवशी गेलं. गाड्या ठाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. किशनरावांनी ओळखी लावून त्या सोडवल्या, पण कोर्टाच्या तारखा काही सुटल्या नाहीत. चन्नबसम्माच्या मांडीत सळई बसली. लक्ष्मीबाईचा नंबर मात्र आणखी लांबला.

कुबड्या घेऊन चन्नबसम्मा पहिल्यांदा बाजारात गेली, तेव्हा किशनरावांच्या ओट्यापुढं खताची पोती रचलेली. तिनं पोत्यांच्याही पुढं चादर अंथरली आणि पाय लांब करून बसली.

“इथं बसायचं न्हाई!” किशनराव वरून ओरडले.

“रस्ता पंचायतीचा हाय,” ती म्हणाली, आणि समोर आलेल्या पोरीचा हात हातात घेऊन बांगड्या भरू लागली.