तिसरा ठोका

तोकुजोचा जावई खाली मुंडी, पाताळ धुंडी होता. निदान तोकुजोचं तरी तसं ठाम मत होतं.

लग्न होऊन सेइगो इरिबारु गावात राहायला आला, तेव्हा तोकुजोनं लेकीला फक्त एवढंच विचारलं, "मिसुझु, अख्ख्या बेटावर तुला पुलापलीकडचाच सापडला?"

पुलापलीकडे तोबारा. तोबारा म्हटलं की तोकुजोचं डोकं फिरायचं, आणि त्याला कारणही तसंच होतं. तीस वर्षांपूर्वी त्याचा सख्खा धाकटा भाऊ तिकडे घरजावई झाला आणि जाताना गावाची गिरकी घेऊन गेला. मोठा ढोल छातीशी धरून डाव्या टाचेवर फिरायची ती गिरकी तोकुजोच्या बापानं बसवलेली होती. पुढच्या वर्षी पितरांच्या सणात तोबाराची पोरं तीच गिरकी घेत भर रस्त्यात नाचली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यांना! इथे प्रत्येक गावाची एइसा, म्हणजे पितरांच्या सणातला ढोलनाच, वेगळी असते. गाणी तीच, पण ठोके, पावलं, बसकण ज्याची त्याची. ती दुसऱ्यानं उचलणं म्हणजे घरातला देव्हारा उचलून नेणं. त्या दिवशी तोकुजोनं शपथ घेतली की आपलं पाऊल आणि आपल्या गावाचा ढोल यापुढे पूल ओलांडणार नाही. तीस वर्षं ती पाळली. चार वर्षांपूर्वी गावची शाळा बंद झाली, पोरं बसनं तोबाराच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हाही हा म्हातारा पुलाच्या अलीकडे उभा राहून बसकडे डोळे वटारायचा.

आणि आता हा जावई म्हणतो, "बाबा, मला ढोलपथकात घ्याल का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. पथकात तोकुजो धरून नऊ वादक उरले होते, आणि सगळ्यात तरुण होता त्रेपन्न वर्षांचा. गावच्या बैठकीत ठरून गेलं होतं की यंदाच्या सणाला बारा ढोल उभे राहिले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून मिरवणूक बंद, आणि मोठा ढोल समाजमंदिरात काचेच्या कपाटात. काचेच्या कपाटात! ते ऐकल्यापासून तोकुजोला अन्न गोड लागत नव्हतं. बापाचा ढोल तो. त्याच्या आवाजावर पितर घरी येतात आणि त्याच्याच आवाजावर परत जातात. कपाटातून कसा आवाज येणार?

म्हणून सेइगो दहावा झाला. आणि पहिल्याच आठवड्यात तोकुजोला पाणी कुठेतरी मुरताना दिसू लागलं.

तालीम चालू असताना सेइगो मोबाइल खांबाला टेकवून सगळं टिपायचा. तालीम संपली की कोपऱ्यात बसून वहीत पावलं काढायचा, डावं काळ्या शाईनं, उजवं लाल शाईनं. तीन तारांचं सानशिन वाजवून गाणारा कोहान, तोकुजोचा बालमित्र, ते बघून हसायचा.

"जावईबापू अभ्यासू आहेत हं."

"अभ्यास कुणासाठी चाललाय ते बघ," तोकुजो पुटपुटला.

"तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच? दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेतीनला मोठी पिशवी घेऊन पूल ओलांडतो तो. मिसुझुला विचारलं तर म्हणते, काम आहे त्याचं. काय काम? आईबाप तर त्याचे कधीच नाहा शहरात राहायला गेले!"

एका मंगळवारी तोकुजोनं आपली छोटी मालगाडी काढली आणि जावयाच्या मागे निघाला. उसाच्या शेतांमधून, भाजीच्या मळ्याला वळसा घालून पुलापर्यंत. सेइगोची गाडी पलीकडे गेली आणि डावीकडे वळली. पुढचं चाक पुलाच्या तोंडाशी लावून तोकुजोनं ब्रेक दाबला. शपथ म्हणजे शपथ. थोडा वेळ तिथेच घाम पुसत बसला आणि परत फिरला. त्या दिवशी पूल ओलांडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण ते शहाणपण तेव्हा सुचायला हवं ना!

त्यातच गावातल्या बायका. तो दुकानात टोफू घ्यायला शिरला की यांचं बोलणं बंद. मिसुझु त्यातच, पिठाचे गोळे तळत उभी, ओठ दाबून हसत. सगळं गाव आपल्याला मूर्ख समजतंय, ही खात्री तोकुजोला तिथेच पटली. सख्खी लेकसुद्धा फितूर!

दुधानं तोंड पोळलेला माणूस तो. त्यानं ताक फुंकलं नाही, सापळाच लावला.

तिसऱ्या गाण्यात एक जागा येते. टिपरू डोक्यावर उंच जातं, मग धम, धम, आणि सगळे एकदम बसकण घेतात. दोनच ठोके. तोकुजोच्या बापाचे दोन, आज्याचेही दोनच. सेइगोला तोकुजोनं एकट्याला अंगणात बोलावलं आणि शिकवलं, धम, धम आणि मग ढोलाच्या लाकडी काठावर टक. त्यानंतर बसकण.

"तालमीत हा टक वाजवायचा नाही," त्यानं बजावलं. "तो फक्त पितरांसमोर, निरोपाच्या दिवशी. आमची रीत आहे."

"बरं बाबा," सेइगो म्हणाला, आणि वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. एक प्रश्न विचारला नाही त्यानं.

कोहानला हे कळलं तेव्हा त्यानं आवामोरी दारूचा पेला खाली ठेवला. "अरे, पोरगा आहे तो तुझा आता!"

"तोबाराच्या मिरवणुकीत टक वाजू दे, म्हणजे हातच्या काकणाला आरसा नको. मग बघतो त्याच्याकडे."

"आणि नाही वाजला तर?"

नाही वाजला तर, हा विचार त्यानं केलाच नव्हता.

सण आला. पहिल्या दिवशी पितर आले, दुसऱ्या दिवशी राहिले. दुसऱ्या संध्याकाळी तोबाराची मिरवणूक निघाली, आणि तोकुजोनं कोहानला ऐकायला पाठवलं. कोहान येऊन म्हणाला, "दोन नाही, तीन नाही, त्यांची तर ती जागाच वेगळी आहे. झोप आता." तोकुजोला झोप आली नाही. 'निरोपाच्या दिवशी' म्हणून आपणच सांगितलंय. चोर उद्याची वाट बघतोय.

तिसऱ्या दिवशी, निरोपाच्या दुपारी, गावच्या मैदानात वडाखाली दहा ढोल उभे राहिले. बैठकीचे लोक पुढच्या चटईवर बसून बोटांनी मोजत होते. दहा. पुन्हा मोजलं तरी दहाच. तोकुजोनं बापाच्या ढोलावर तळवा ठेवला आणि त्याला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात रस्त्यावरून छोट्या हातढोलांचा आवाज आला.

डोक्याला जांभळी फडकी, पायात पांढरे पट्टे, आठ पोरं दोन रांगांत चालत मैदानात शिरली. पाच मुली, तीन मुलगे. टोफूवालीची नात पुढे होती, गावात सगळ्यात म्हाताऱ्या कामादो आजीचा पणतू शेवटी. सगळी इरिबारुची, बसनं पुलापलीकडे जाणारी. कडेला त्यांच्या आया आणि मिसुझु, आता उघड उघड हसत.

सेइगो जवळ आला, कानापर्यंत लाल झाला होता. "बाबा, रागावू नका. शाळा सुटल्यावर तिथल्याच व्यायामशाळेत शिकवत होतो. आपले ढोल पलीकडे नेले नाहीत, कागदी डबे वाजवले. हे हातढोल आयांनी आणलेत. तुम्हाला पूल आवडत नाही म्हणून बोललो नाही. अठरा झाले, बाबा."

चटईवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तोकुजोच्या तोंडून जे निघालं ते एवढंच, "सगळं शिकवलंस?"

"सगळं. तुम्ही दाखवलंत तसंच."

म्हणजे तो टकसुद्धा! कोहाननं सानशिनची तार लावता लावता त्याच्याकडे बघितलं, आणि ती नजर म्हणत होती, आता भोग.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. पोरं एकही पाऊल चुकली नाहीत, आणि प्रत्येक बरोबर पावलाला तोकुजोचं काळीज खाली जात होतं. तिसऱ्यात काय होणार हे मैदानात दोघांनाच माहीत होतं. आठ म्हातारे दोन ठोक्यांवर बसणार, आणि आठ पोरं उभ्या उभ्या टक वाजवणार. लोक हसणार. ही पोरं पुढच्या वर्षी येतील? कशाला येतील? आणि खोटा ठोका आपण वाजवला, तर बाप काय म्हणेल? तो आज इथेच आहे. आजच निघायचाय त्याला.

तिसरं गाणं सुरू झालं. पुढचा मोठा ढोल तोकुजोचा. सगळे त्याच्यामागे. टिपरू डोक्यावर गेलं. टोफूवालीची नात डोळे मोठे करून त्याच्याच हाताकडे बघत होती.

धम. धम.

टक.

बापा, क्षमा कर, असं मनात म्हणत तोकुजोनं काठावर टिपरू मारलं. त्याच क्षणी सेइगोचा आणि आठ पोरांचा टक वाजला, स्वच्छ, एका आवाजात. आठ म्हातारे आधीच बसकण घेऊन बसले होते आणि बावळटासारखे वर बघत होते. एक जण तर घाईत उठायला गेला आणि मागे कलंडला. लोक हसले, पण म्हाताऱ्यांना हसले.

मिरवणूक घरोघर फिरली. ऊन कललं, पितर गेले. समाजमंदिराच्या पायरीवर कामादो आजीनं तोकुजोला थांबवलं. वय वर्षं एक्क्याण्णव, कान मात्र शाबूत.

"काय रे, तो टक कुठून आला? तुझा बाप तर दोनच वाजवायचा."

"सांगतो, आजी."

"मला काय, छान वाटला. पुढच्या वर्षी मी तिकडून ऐकायला येणार, तेव्हाही वाजव."

तोकुजो काही बोलण्याआधी सेइगो शेजारी येऊन उभा राहिला. गालावरून घाम वाहत होता, आवाज अगदी दबका. "बाबा, ते आठ जण तिसरा ठोका विसरले वाटतं. तुम्ही आणि पोरंच बरोबर होतात. वडीलधारी माणसं आहेत, मी कसं सांगू? तुम्ही सांगाल का?"

या पोराच्या मनात शंका नावालाही नव्हती. एका क्षणासाठीसुद्धा नव्हती! तोकुजोला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सांगतो," तो म्हणाला. मग वळला, आणि आठही जणांना ऐकू जाईल, जावयालाही जाईल, अशा आवाजात बोलला, "तुम्ही विसरला नाहीत. ठोके दोनच आहेत. तिसरा मी चोर पकडायला बनवला होता. चोर मिळाला नाही."

सेइगोला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. पोरांचे हातढोल एकावर एक रचत होता, तो खाली वाकून रचतच राहिला.

"म्हणजे मी पोरांना खोटं शिकवलं," शेवटी तो म्हणाला.

"तू नाही. मी."

"मंगळवारी साडेतीनला जमतात ती." त्यानं वर बघितलं नाही. "खरं काय ते तुम्हीच येऊन सांगा त्यांना. माझ्याच्यानं होणार नाही."

मंगळवारी सव्वातीनला तोकुजोची मालगाडी पुलाच्या तोंडाशी थांबली. मागे बापाचा ढोल दोरीनं घट्ट बांधलेला होता. त्यानं एकदा मागे वळून गाठ बघितली, आणि गाडी पुलावर घातली.