बाहेरचं बोलणं

“चल, फिरून येऊ,” म्हणत तिने चपला पायात सरकवल्या, तसा त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“का? काय झालं?”

“काही नाही. सहज.”

“सहज?” शर्टाची बटणं लावताना त्याचा हात एकाच बटणावर दोनदा गेला. आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या लेकीकडे त्याने एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “बरं, चल. खाली बोलू.”

त्यांच्या घरात पैशाचा विषय काढायचा नाही, असा नियम होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. तीन वर्षांपूर्वी त्याची कंपनी बंद पडली आणि घराच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर बसले. रोज जेवण झालं की दोघं स्वयंपाकघरात तेच रडगाणं घेऊन बसायची. तेव्हा त्यांची ही लेक, बारकी, सात वर्षांची होती. एकदा तिची दाढ दुखायला लागली, तर पोरीने चार दिवस तोंडातून ब्र काढला नाही. गाल टम्म सुजला, ताप चढला, तेव्हा कुठे म्हणाली, “डॉक्टर पैसे घेतात ना?” त्या दिवशी दोघांनी ठरवलं, यापुढे जे काय बोलायचं ते घराबाहेर.

तेव्हापासून ही फेरी सुरू झाली. बिल्डिंगचं फाटक, औषधाचं दुकान, शाळेची लांबलचक मागची भिंत, मैदान आणि परत. रस्त्यावर भांडायचं म्हणजे हळू आवाजात भांडावं लागे, आणि कोणी ओळखीचं दिसलं की मध्येच हसावं लागे. त्यामुळे भांडणंही हळूहळू मवाळ झाली. खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, “निघाले बघा राजाराणी!” राजाराणी त्या दिवशी बांगड्या विकायच्या की विमा मोडायचा, ते ठरवायला निघालेले असत. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

पण काकूंचं अगदीच चुकत नव्हतं. त्या फेऱ्यांत दोघं जेवढं बोलली, तेवढं नव्या संसारातही बोलली नव्हती. बांगड्या विकायचं ठरलं त्या दिवशी याच भिंतीशी तो रडला होता, आणि तिने त्याला पदपथावर बसवून मैदानातला खेळ संपेपर्यंत त्याचा हात धरून ठेवला होता.

आठ महिन्यांपूर्वी त्याला एका मोठ्या हॉस्पिटलात कायमची नोकरी लागली, आणि फेऱ्या आपोआप बंद पडल्या. आज सकाळी शेवटचा हप्ता गेला. ती बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर पुस्तकांची पानं शिवताना तिच्या मनात एकच होतं, आज नुसतं फिरायला जायचं. कसलीही काळजी बरोबर न घेता. ठेवणीतला ड्रेसही घातला होता तिने. त्याच्या तो लक्षात आला नाही.

औषधाचं दुकान मागे पडलं. मग तिनेच सुरुवात केली.

“काल आमच्याकडे काय गंमत झाली! माझ्या हातून शंभर पुस्तकांत सोळा-सोळा पानं उलटी शिवली गेली. मालकांना दाखवायला गेले, तर त्यांनी नेमकं पुस्तकच उलटं धरलं होतं. मला म्हणतात, ‘सोळा पानं तर बरोबर आहेत, बाकीच्या पुस्तकाचं काय केलंस?’”

ती स्वतःच हसली. तो चालायचा थांबला.

“मग? नुकसान तुझ्या पगारातून कापणार?”

“नाही रे. उसवून पुन्हा शिवली मी. गंमत सांगतेय.”

“हं.”

भिंत सुरू झाली. तिने त्याला कामाचं विचारलं.

“काय असणार? लिफ्ट वर जाते, खाली येते.”

बारकीचा विषय काढावा, तर तो जेवताना झाला होता. त्यांच्या पुढे एक म्हातारं जोडपं कशावरून तरी हुज्जत घालत चाललं होतं, आणि तिला त्यांचा हेवा वाटला. तीन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो उगवला होता, आणि शेजारून चालणाऱ्या आपल्या माणसाशी काय बोलावं, ते तिला कळत नव्हतं. तिने ओढणीने डोळे टिपले.

मैदानाच्या कोपऱ्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“आता सांग. तू मला उगाच खाली आणलं नाहीस.”

तिने वर पाहिलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. अगदी पूर्वी बघायचा तसा.

“हो,” ती म्हणाली. “कापणार आहेत.”

“अगं, मग आधीच नाही का सांगायचं, वेडे!” तो रहदारीच्या बाजूला आला, तिला आतल्या कडेला घेतलं आणि तिच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागला. “होतं असं कामात. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं धरतो, दोन-तीन बिल्डिंगवाले कधीचे मागे लागलेत. फक्त बारकीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.” त्याने तिचा हात हातात घेतला. बऱ्याच महिन्यांनी घेतला. “रडू नकोस गं. किती म्हणाले?”

तिच्याकडे आकडा नव्हता. तिने तोंडाला येईल तो, लहानसाच सांगितला.

“एवढंच?” त्याने सुस्कारा सोडला. तिचा हात सोडला आणि तो फाटकाच्या दिशेने वळला.

“नाही,” ती घाईने म्हणाली. “दर महिन्याला.”

तो परत फिरला. त्याने पुन्हा तिचा हात धरला, आणि फाटकाकडे पाठ फिरवून दोघं आणखी एका फेरीला लागली.