दात अक्काचे, निवड भावाची

आपल्या घरांत दाताचं कौतुक होतं ते बाळाला पहिला दात आला की. पुढं दात पडायला लागले, की कुणी मान वर करून बघत नाही. 'वय झालं' म्हटलं, की विषय मिटला. आणि ते तोंड विधवा बाईचं असलं, तर विषय निघतच नाही! हैदराबादेत काचीगुड्याला राहणाऱ्या प्रतापरावांच्या घरात नेमकं हेच घडलं.

प्रतापराव मूळचे परभणीकडच्या शेतकरी घरातले, हैदराबाद राज्याच्या महसूल खात्यात नोकरीला. आईवडील लवकर गेले. त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, भामाअक्कानं. ती ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली, भावाला घेऊन हैदराबादेत राहिली, स्वतः शिकली आणि जामबागेतल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई झाली. घराबाहेर पडलं की तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी पोरं तिच्या वर्गात 'ळ' आणि 'ण' स्वच्छ म्हणायला शिकत. पुस्तकापेक्षा तिच्या तोंडाकडं बघून शिकत.

पन्नाशीच्या आतच हिरड्यांच्या दुखण्यानं अक्काचे वरचे पुढचे चार दात गेले. प्रतापराव तिला आबिड्सला दातांचे डॉक्टर मोईनुद्दीन यांच्याकडं घेऊन गेले. डॉक्टर औरंगाबादेत वाढलेले, मराठी उत्तम. मध्येच दखनी मिसळायची एवढंच.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दोन रस्ते आहेत. एक, काढघालीची कवळी. जेवल्यावर धुवायची, झोपताना काढून पाण्यात ठेवायची. सुरुवातीला जीभ अडखळते, मग सवय होते. दुसरा, पक्का पूल. दोन्ही बाजूंचे सुळे घासून त्यांना टोप्या घालायच्या आणि मधले दात त्यांच्या आधारानं कायमचे बसवायचे. काढायचं काम नाही, पण चांगले सुळे घासावे लागतात. बाईंचे सुळे अजून मजबूत आहेत, तोवरच हे होईल." मग ते अक्काकडं वळले. "बाई, तुमचं काय मत?"

अक्कानं तोंडावरचा पदर किंचित खाली घेतला. पण बोलले प्रतापराव.

"त्यांना कशाला विचारता, डॉक्टरसाहेब? विधवा बाई. बत्तिशी मिरवत कुठं जायचंय त्यांना? दुखणं थांबलं, बस झालं."

"वर्गात जायचंय मला," अक्का हळूच म्हणाली.

ते प्रतापरावांनी ऐकलं. पण तोवर ते खुर्चीवरून उठले होते.

प्रतापराव दुष्ट नव्हते. अक्कासाठी जीव टाकत. पण लोक काय म्हणतील, हा किडा त्यांच्या डोक्यात होता. नवरा नसलेली बाई खोटे दात लावून हिंडते, असं काचीगुड्यात कुणी म्हणालं तर!

अक्का तशीच शाळेत जाऊ लागली. ती वाचायला लागली की 'स'च्या जागी नुसता वारा सुटे. पोरं आधी हसली, मग तीही तसंच म्हणू लागली. चिडवायला नव्हे, बाई म्हणतात तेच बरोबर असं समजून! ते अक्काला फार लागलं. घरी ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, भिंतीकडं तोंड करून, वरणात भिजवलेली भाकरी खायची.

प्रतापरावांची बायको पद्मावती एकदा न राहवून म्हणाली, "अहो, वन्सं आताशा बोलतच नाहीत. घरात आहेत का नाहीत, कळत नाही."

"शांत झाल्यात. वयानं होतं तसं," प्रतापराव म्हणाले.

पुढं राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसुरात. मराठी घरं शहर सोडणार, पोरं कमी होणार, म्हणून अक्काच्या शाळेनं कुणाला ठेवायचं ते ठरवायला समिती बसवली. प्रत्येक शिक्षिकेनं तिच्यापुढं एक धडा वाचून दाखवायचा होता.

त्या दुपारी अक्का घरी आली आणि उंबऱ्यातच बसली.

"काय झालं, अक्का?" प्रतापरावांनी विचारलं.

"वाचला धडा." ती जमिनीकडं बघत होती. "एक गृहस्थ म्हणाले, बाई, काय वाचायलात ते कळंना, परत वाचा. परत वाचला. मग त्यांनी पुस्तकच मिटलं. माझा वर्ग आता शेजारच्या वर्गातल्या कुसुमताईकडं." मग ती म्हणाली, "प्रताप, चूक एकपण नव्हती रे. एकपण नव्हती."

दुसऱ्याच दिवशी प्रतापराव तिला घेऊन आबिड्सला गेले. "डॉक्टरसाहेब, पक्का पूल बसवा. लगेच!"

डॉक्टरांनी दोन्ही सुळे बोटानं हलवून पाहिले. मग हात धुऊन बराच वेळ पुसत राहिले.

"साब, पूल आता नक्को. हिरड्या आणखी उतरल्या, सुळेच डुगडुगायलेत. ज्यांच्यावर भार टाकायचा तेच पक्के नाहीत. आता कवळीच. आणि तीसुद्धा तेव्हा बसली असती तितकी घट्ट बसेल, असा शब्द मी देत नाही."

"मी तर तिच्या भल्यासाठीच..." प्रतापराव म्हणाले.

"हौ, भल्यासाठीच," डॉक्टर म्हणाले. "इथं येणारे सगळे भल्यासाठीच येतात. बायकोचे दात नवरा ठरवतो, आईचे मुलगा ठरवतो. पण भाकरी कोण चावतं? धडा कोण वाचतं? मी रस्ते दाखवतो, प्रत्येकाचं बरंवाईट सांगतो. निवडायचं कुणी? ज्याचं तोंड त्यानं! म्हातारी असो, विधवा असो, तिलाही बोलायचं असतं, हसायचं असतं. यात नखरा कसला? तिचा पाय मोडला असता, तर काठी देताना लोकांना विचारलं असतं का तुम्ही?"

अरेरे! ज्या दिवशी दोन्ही रस्ते खुले होते, त्या दिवशी प्रश्न अक्काला विचारला होता; आणि उत्तर देऊन मोकळे झाले होते प्रतापराव!

"बाई," डॉक्टर म्हणाले, "कवळी करू, का असंच राहू द्यायचं? तुमची मर्जी."

"करा," अक्का म्हणाली.

कवळी झाली. सुरुवातीला हिरडी सोलली, घास जाईना. अक्का न्हाणीघराचं दार लावून बाराखडी म्हणत बसायची. हळूहळू 'स' परत आला. पूर्वीचा नव्हे, पण कळण्याजोगा. एक दिवस ती शाळेपर्यंत जाऊन आली. खिडकीतून पोरांचं वाचन ऐकलं आणि आत न जाता परतली.

राज्य मोडलं. प्रतापरावांची नेमणूक औरंगाबादेला झाली. सामान बांधताना त्यांनी विचारलं, "अक्का, तुझी पेटी कुठली?"

"मी येत नाही. कुसुमताई एकटीच असते, तिच्याकडं राहीन. गल्लीतल्या पोरांना वाचायला शिकवीन."

"असं काय करतेस? लोक म्हणतील, भावानं बहिणीला टाकलं!"

"बघ, अजून लोकच!" अक्का म्हणाली. मग तिनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला. "तुझ्यावर राग नाही, प्रताप. लेकरासारखं वाढवलं तुला, राग कसा येईल? पण तुझ्या घरात माझ्या वाटचंही तूच बोलतोस रे. मला आता उरलेले दिवस माझं मी बोलायचंय."

प्रतापराव लहान मुलासारखे रडले. तिला चल म्हणायचा हक्क आपणच घालवला, हे त्यांना कळलं होतं. काचीगुडा स्टेशनवर अक्का पोचवायला आली. पद्मावतीला तिनं पोटाशी धरलं. गाडी हलली. आयुष्यात पहिल्यांदा प्रतापराव अक्काशिवाय नव्या घरी निघाले होते.

औरंगाबादेत कुणाच्या घरी आईच्या, सासूच्या दातांचा विषय निघाला, की प्रतापराव ही हकीकत सांगत. स्वतःला न वगळता सांगत. आणि शेवटी म्हणत, "कवळी का पूल, हे डॉक्टर सांगतील. आपण माणसाला वेळेवर तिथं न्यावं. आणि डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारला, की हात जोडून सांगतो, आपण गप्प बसावं!"