अवदोत्याची चौदा रोपं

कापितोलिनाने गमबूट काढला, मग मोजा काढला आणि उजवा पाय वाफ्यातल्या काळ्या मातीवर टेकवला. कुंपणापाशी जमलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. कापितोलिना मनातल्या मनात आकडे मोजत होती. पंचविसाच्या आत टाच बधिर झाली तर जमीन अजून झोपलेली, आणि चाळीसपर्यंत बोटं हलती राहिली तर जागी झालेली. चाळीस झाले. तिने बोटं हलवून पाहिली आणि शांतपणे मोजा चढवला.

"उद्या," ती म्हणाली.

एवढ्या एका शब्दासाठी कामा नदीकाठची ती अख्खी गल्ली आठवडाभर खोळंबली होती. बटाट्यांचं काम सोपं असतं. बर्चची पालवी नाण्याएवढी झाली की बटाटा मातीत टाकायचा आणि मोकळं व्हायचं. टोमॅटोचे मात्र लाड फार. मार्चमध्ये, बाहेर बर्फ गुडघाभर असताना, दुधाच्या कापलेल्या खोक्यांत बी पेरायचं, खिडकीत ठेवायचं, रोज दिशा बदलायची आणि मे संपेपर्यंत घरातच सांभाळायचं. चेर्योमुखाच्या झाडांना पांढरा बहर आला की गेलेली थंडी एकदा मागे फिरते, हे उरालमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यंदा बहर आला, थंडी फिरून आली आणि आठवडाभर बोचून निघूनही गेली. त्यामुळे कापितोलिनाच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

समोरच्या घरातल्या तरुण नेल्लीने तरी विचारलंच. "मावशी, दोन-चार रात्री वरून कापड घालू का?"

"कशाला? चेर्योमुखाची थंडी येऊन गेली ना? थंडी काय विसरलेली छत्री न्यायला परत येणारेय? माझी कापडं मी कालच धुऊन माळ्यावर टाकली."

बायका हसल्या आणि पांगल्या. चाळीस वर्षांत कापितोलिनाचा पाय एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, गल्लीभर खुरप्यांचे आवाज उठले.

कापितोलिनाने त्या दिवशी चौदा रोपं लावली. ती नेहमीच्या टोमॅटोची नव्हती. त्यांची पानं कातरलेली नसत, बटाट्याच्या पानासारखी रुंद आणि सपाट असत, आणि फळ जुलै संपता संपता पिकायचं, गल्लीतल्या सगळ्यांच्या आधी. तिच्या आईने हे वाण जपलं होतं, म्हणून आईच्याच नावाने ती त्याला अवदोत्या म्हणायची. "हे बी घराबाहेर जाऊ द्यायचं नाही," असं आईने बजावलं होतं आणि तिने ते पाळलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मात्र पाऊस लागून राहिला, करपा आला आणि एकही फळ बियाण्यापुरतं टिकलं नाही. काडेपेटीत जुनं बी उरलं होतं तेवढं सगळं तिने मार्चमध्ये पेरलं. उगवली ती चौदा. ही जगली तर अवदोत्या जगणार होती, नाहीतर तिच्या आईचं वाण या पृथ्वीवरून गेलं असतं.

रविवारी खुरपं हाती न धरलेली एकच बाई गल्लीत होती. ती म्हणजे शेजारची ताइसिया. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, कागदाच्या गिरणीत तीस वर्षं एकाच यंत्रावर राबलेल्या. अकरा वर्षांपूर्वी कापितोलिनाने बियाण्यासाठी राखलेला एक टोमॅटो रात्रीतून झाडावरून नाहीसा झाला. तिने भर गल्लीत उभं राहून ताइसियाला चोर म्हटलं. ताइसियाने घरातली देवाची तसबीर बाहेर आणली आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली. गल्लीने शपथेवर विश्वास ठेवला. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. निरोप द्यायचाच झाला तर नेल्लीकरवी. ताइसियाही कापितोलिनाचा पाय बघूनच लागवड करायची, पण पडद्याआडून, आणि मुद्दाम तीन-चार दिवस उशिरा, म्हणजे नक्कल केली असं कुणाला म्हणता येऊ नये.

मंगळवारी सकाळी कापितोलिना बादली घेऊन बाहेर पडली आणि पहिल्याच पावलाला थबकली. पायाखालचं गवत गोठलेल्या दंवाने कुरकुर वाजत होतं.

ती वाफ्यापाशी गेली. चौदाही रोपं काळी पडून, उकडलेल्या भाजीसारखी मातीवर लोळत होती. तिने खाली बसून एकेक देठ बोटांत धरून मुळापर्यंत चाचपला. कुठेतरी एखाद्याला हिरवा धागा असेल. कुठेच नव्हता. घरात जाऊन तिने काडेपेटी उघडली. ती रिकामी आहे हे ठाऊक असूनही टेबलावर उपडी करून पाहिली. तिला दंवाचा राग आला नाही. राग आला तो माळ्यावरच्या धुतलेल्या कापडांचा आणि स्वतःच्या जिभेचा. आईसमोर उभं राहावं लागल्यासारखी ती ओशाळली.

नेल्ली आली तेव्हा ती पायरीवर बसली होती. नेल्लीने दोन्ही रात्री गुपचूप कापड घातलं होतं, तिची रोपं वाचली होती, आणि ते सांगताना तिला जीव नकोसा झाला होता. हवी तर चार रोपं देते, ती म्हणाली. कापितोलिनाने नकारार्थी मान हलवली. नेल्लीच्या रोपांत वाईट काही नव्हतं. फक्त ती बाजारची होती.

नेल्ली आपल्या अंगणात परतली तेवढ्यात कुंपणाच्या फळ्या हलल्या. पलीकडे ताइसिया उभी होती. तिने एक लाकडी खोकं उचलून कुंपणाच्या आडव्या दांड्यावर टेकवलं.

"घे," ती म्हणाली. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

कापितोलिना उठून जवळ गेली. खोक्यात गुडघ्याएवढी, दणकट बुंध्याची रोपं होती. पानं रुंद आणि सपाट होती. तिने एक पान बोटांत धरून चाचपलं.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"ठाऊक आहे तुला."

"देवापुढे शपथ घेतली होतीस, ताया."

"घेतली होती. ते मी आणि देव बघून घेऊ." ताइसियाने नजर खाली घातली नाही. "न्हाणीघरामागे लावायचे, तुला दिसू नये म्हणून. दार लावून खायचे. अकरा वर्षांत पाहुण्याच्या ताटात एक फोड वाढली नाही मी. असला गोड टोमॅटो, आणि कुणाकडे कौतुक करायची सोय नाही."

आता एक हाक पुरे होती. नेल्ली अंगणात उकिडवी बसून तण काढत होती, पण तिचे कान इकडेच होते. एका हाकेत गल्लीला कळलं असतं, की कापितोलिनाने तेव्हा कुभांड रचलं नव्हतं. तिच्या ओठांवर ती हाक आलीही. पण त्याबरोबर आणखी काहीतरी आठवलं. त्या चोरीच्या आधी लागोपाठ तीन वसंत ताइसिया तिच्या दारात येऊन चिमूटभर बी मागत होती, आणि तिन्ही वेळा तिने मैत्रिणीला चहा पाजून रिकाम्या हातांनी परत पाठवलं होतं. आईचं सांगणं पाळल्याचा तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता. आज त्याच गोष्टीची लाज वाटली.

"किती आहेत?"

"नऊ. तीन मला ठेवलीत."

कापितोलिनाने हात पुढे केले आणि मागे घेतले. "अशी हातातून घेतली तर जगायची नाहीत."

"मग आभार मानू नकोस. रोपाचे आभार मानले की रोप सुकतं, तूच गल्लीला शिकवतेस. तसंही आभार मानणं तुला कधी जमलंय?"

"तोंडाने नाही मानले तरी मनात येतातच ना." तिने हात पाठीमागे बांधले. "ते राहू दे तिथेच. आणि पाठ कर."

"काय करू?"

"पाठ कर म्हणते. चोरलेलं रोप सगळ्यांत जोमानं येतं. तुला सांगायला नको."

 ताइसिया हळूहळू वळली, ॲप्रनवर हात बांधले आणि न्हाणीघराच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते मागून कळत नव्हतं, आणि कापितोलिनाला तर डोळ्यांपुढचं खोकंही नीट दिसत नव्हतं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि वाफ्याच्या दिशेने लगबगीने निघाली.

नेल्ली हातातलं तण टाकून उठली होती. "ताइसियामावशी, अहो, कापामावशी तुमची रोपं घेऊन चालल्यात!"

"मला कुठे काय दिसतंय," ताइसिया भिंतीकडे बघतच म्हणाली.